लाकडी पेन: बिघाड दिसतो कुठे आणि होतो कुठे

शेवटचा भाग दाबून बसवताना ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि तीन तासांच्या कामावर केसाएवढी चीर उमटते. दाब जास्त पडला असं समजून आपण पुढचं पेन जरा हळू दाबतो. तेही फुटतं. कारण चूक दाबण्यात नव्हतीच. लाकडात बसवलेल्या पितळी नळीच्या आत गोंदाचा वाळलेला थेंब राहिला होता, किंवा भोक मारताना लाकूड तापलं होतं, किंवा लाकूड मुळातच ओलं होतं. पेनाचं काम असंच आहे. बिघाड एका टप्प्यावर होतो आणि दोन-तीन टप्पे उलटून गेल्यावर डोळ्यांना दिसतो. त्यामुळे पुढचे टप्पे क्रमाने करा आणि मधल्या तपासण्या गाळू नका. लाकूड वाचतं ते या तपासण्यांमुळेच.

उदाहरणासाठी ७ मिमी नळीचं, दोन भागांचं, फिरवलं की रिफिल बाहेर येणारं साधं पेन घेतलं आहे. स्लिमलाइन म्हणतात ते हेच. सुरुवात बहुतेक जण याच पेनाने करतात. पण पूर्ण झालेल्या पेनाच्या टोकांशी नळीवर लाकडाची जाडी एक मिलिमीटरही उरत नाही, त्यामुळे चूक सगळ्यात लवकर उघडी पडते तीही याच पेनात.

## आधीची तयारी

लाकूड खरोखर वाळलेलं आहे का? हात लावून हे कळत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालेल, ०.१ ग्रॅम दाखवणारा असेल तर उत्तम. साधारण १९ मिमी चौरस आणि १२५ मिमी लांब ठोकळा तीसेक ग्रॅम भरतो. वजन करा, ठोकळ्यावर पेन्सिलीने तारखेसह लिहा आणि आठवड्याने पुन्हा करा. सलग दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही तरच ते लाकूड वापरायचं. एवढ्याशा ठोकळ्यातून दोन-तीन ग्रॅम पाणी जाणं म्हणजे लाकूड चांगलंच आकसणं. आतली पितळी नळी काही त्याच्याबरोबर आकसणार नाही. मग लाकडाला फाटण्याशिवाय दुसरी वाट उरत नाही.

किटमधली, म्हणजे पेनाच्या सुट्या भागांच्या संचातली, मापं स्वतः घ्या. सुटे भाग एका ताटलीत काढून ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरने नळीचा बाहेरचा व्यास मोजा. भोक मारायच्या बिटवर ७ मिमी छापलेलं असलं तरी बिट आणि नळी यांची मापं थोडी मागेपुढे असतात. टाकाऊ लाकडात एक भोक मारून नळी कोरडीच घालून बघा. ती बोटाने अलगद सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. जोर लावावा लागत असेल तर भोक घट्ट आहे, आणि घट्ट भोकात पुढच्या चिरेची बी पेरलेली असते.

लाकूड तेलकट आहे का? साग, शिसव, ऑलिव्ह, कोकोबोलो या लाकडांत नैसर्गिक तेल असतं. गोंदही त्यावर नीट धरत नाही आणि फिनिशही, म्हणजे शेवटी द्यायचा चकाकीचा थर. अशा ठोकळ्यावर तसं लिहूनच ठेवा, म्हणजे पुढे दोन वेळा पुसायचं आहे हे विसरलं जाणार नाही.

> इशारा: लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करताना पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी, नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या आणि केस बांधून घ्यायचे. शिसव वर्गातल्या लाकडांच्या भुश्याने पुष्कळांना खाज, शिंका, दम्यासारखा त्रास होतो. धुळीचा चांगला मास्क पहिल्या पेनापासूनच लावा.

## १. ठोकळा कापणे आणि खुणा करणे

कापण्याआधी ठोकळ्याच्या एका बाजूला लांबीभर तिरकी रेघ ओढा. मधोमध दोन भाग केल्यावर कोणतं तोंड कोणासमोर येतं हे या रेघेवरून कळतं. ही खूण करायची विसरलात तर तयार पेनाच्या मधल्या कड्याजवळ लाकडाची नक्षी तुटते. एक भाग उलटा बसलेला असतो आणि पेन दोन वेगळ्या लाकडांचं वाटतं. हा दोष नंतर कशानेच झाकता येत नाही.

प्रत्येक तुकडा नळीपेक्षा ३ ते ४ मिमी लांब कापा. भोक पलीकडे निघताना कड फोडणारं लाकूड असेल तर ८ ते १० मिमी जादा ठेवा. कारण पुढच्या टप्प्यात येईलच.

## २. भोक मारणे

पेन सगळ्यात जास्त बिघडतात ती इथे, आणि घाई होते तीही इथेच. लेथ सुरू करून पटाशी चालवायची ओढ असते, त्यात भोक हे मधलं कंटाळवाणं काम वाटतं. पेन टिकणार की नाही हे मात्र यावरच ठरतं.

क्रम असा: ठोकळा चकमध्ये (लेथच्या पकडणाऱ्या जबड्यात) किंवा ड्रिल मशीनच्या शिकंज्यात सरळ धरा. सेंटर ड्रिलने किंवा टोचणीने मधोमध खड्डा करा. मग मधे टोक असलेला, म्हणजे ब्रॅड पॉइंट बिट घ्या. वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. दर ८ ते १० मिमीनंतर बिट पूर्ण बाहेर काढून खोबणीतला भुसा झटका.

भुसा सैल, कुरळा पडत असेल तर सगळं ठीक चाललं आहे. तो बिटच्या खोबणीत दाबून बसला आणि पिठासारखा बारीक, काळपट दिसायला लागला की बिट कापायचं सोडून नुसता घासतो आहे. मशीन बंद करा आणि ठोकळ्याला बोट लावा. कोमट असेल तर हरकत नाही, पण बोट ठेववत नसेल तर पाच मिनिटं थांबा. आबनुसासारख्या घट्ट लाकडात आतल्या बाजूला तापून बारीक चिरा पडतात. त्या वेळी काहीच दिसत नाही. फिनिशचा शेवटचा हात झाल्यावर, चकाकीखाली एक उभी रेघ दिसते, तेव्हा कळतं.

नेहमीचे बिघाड:

*बिट बाजूला सरकला.* पलीकडच्या तोंडावर भोक मध्यापासून दूर निघतं. कारणं तीन: टोचणी मारलेली नव्हती, बिट बोथट होता किंवा दाब जास्त होता. ठोकळा १९ मिमी जाड असेल तर भोक २-३ मिमी सरकलेलं चालून जातं, कारण कातताना बाहेरचं बहुतेक लाकूड निघूनच जाणार असतं. कॅलिपर लावून सगळ्यात पातळ बाजू मोजा. पेनाच्या अंतिम आकाराला पुरेसं लाकूड तिथे असेल तर पुढे जा, नसेल तर तो ठोकळा सोडून द्या.

*पलीकडची कड फुटली.* बिट बाहेर पडताना शेवटच्या थरामागे आधार नसतो, म्हणून कड उडते. यासाठीच ८-१० मिमी जादा ठेवायचं. भोक आरपार न मारता अलीकडेच थांबवा आणि उरलेलं टोक करवतीने कापून टाका. भोक आपोआप उघडतं आणि कड शाबूत राहते.

> थांबा आणि तपासा: भोक मारलेले तुकडे लगेच चिकटवू नका. निदान दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. आतून उघडं झालेलं लाकूड या काळात हवेशी जुळतं. नंतर नळी पुन्हा कोरडी घालून बघा. आधी सरकणारी नळी आता अडकत असेल तर लाकूड अजून आकसतं आहे. दुसरा ठोकळा घ्या.

## ३. नळी चिकटवणे

नळीचा चकचकीतपणा १५० किंवा २२० नंबरच्या सँडपेपरने आडवा-तिडवा घासून घालवा. गुळगुळीत पितळावर गोंद नुसता बसतो, धरत नाही. दोन्ही तोंडं मळलेल्या मेणाने किंवा प्लॅस्टिसिनने बंद करा, म्हणजे गोंद आत जाणार नाही. लाकूड तेलकट असेल तर भोकात अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून पूर्ण वाळू द्या.

गोंद कोणता हे तुमच्या हाताच्या वेगावर ठरवा. सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे आपण ज्याला सुपरग्लू म्हणतो तो. पुढे त्याला सीए म्हणू. तो झटकन धरतो, कधी कधी नळी अर्धी आत असतानाच. दोन भागांचा इपॉक्सी थोडा वेळ देतो आणि भोक जरा ढिलं असेल तर मोकळी जागाही भरतो. नव्या माणसाने इपॉक्सीच वापरावा. नळी अर्ध्यात अडकून वाया गेलेले ठोकळे मी तरी सीएचेच पाहिले आहेत.

गोंद नळीला लावा आणि थोडा भोकाच्या आतही लावा. नळी सरळ ढकलू नका, गोल फिरवत, मागेपुढे करत आत न्या, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. जिथे गोंद पोचला नाही तिथे लाकडाखाली पोकळी राहते आणि कातताना नेमकी तिथलीच ढलपी उडते. ढलपी उडालेल्या जागी पितळ कोरडं, स्वच्छ दिसत असेल तर दोष पटाशीचा नाही, या टप्प्याचा आहे.

नळी अर्ध्यात अडकली तर: हातोडी मारू नका, लाकूड फुटेल. बाहेर राहिलेली नळी कापून तो तुकडा पलीकडच्या तोंडातून चिकटवून काम भागतं का ते आधी बघा. नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक नळीत धरून पितळ तापवा. उष्णतेने गोंद मऊ झाला की पक्कडीने फिरवत नळी ओढून काढा. हे खिडकी उघडी ठेवूनच करायचं, तापलेल्या सीएची वाफ डोळ्यांना आणि घशाला फार झोंबते.

गोंद पूर्ण धरेपर्यंत, शक्यतो रात्रभर, हात लावू नका. पाकिटावर पाच मिनिटं लिहिलेली असतात ती हातातून सुटण्यापुरती. कातण्याचा झटका सोसायची ताकद त्यात नंतर येते.

## ४. तोंडं सपाट करणे

नळीची आणि लाकडाची तोंडं एका पातळीत आणि नळीशी बरोबर काटकोनात आली पाहिजेत. त्यासाठी ट्रिमर वापरतात. त्याचा दांडा नळीत बसतो आणि पाती तोंड छिलते. दांडा आत घालण्याआधी नळीतलं मेण आणि गोंद गोल कानशीने किंवा बारीक चाकूने काढा. दांडा गोंदावर चढून तिरका बसला तर तोंडही तिरकं निघतं. तयार पेनात मग मधल्या कड्यापाशी एका बाजूला फट दिसते आणि दुसऱ्या बाजूला दिसत नाही.

तोंडावर पितळाची पूर्ण गोल चमकदार कडी दिसली की थांबायचं, त्यापुढे एक फेरीही नको. नळी आखूड झाली तरी रिफिलची लांबी तीच असते. खालचा भाग १ मिमी आखूड झाला तर फिरवायची यंत्रणा तेवढीच कमी दाबून सांभाळून घेता येतं. त्याहून जास्त कमी झालं तर नवी नळी घेऊन पुन्हा सुरुवात केलेली बरी.

ट्रिमर बोथट असेल तर लाकूड छिलत नाही, उपटतो. रेषा उलटसुलट असलेल्या लाकडात तर आख्खा कोपरा घेऊन जातो. अशा लाकडासाठी ट्रिमर बाजूला ठेवा. सँडिंग डिस्कसमोर गुण्याने काटकोन जुळवून तोंड घासून घ्या. वेळ जास्त जातो, पण काहीही उडत नाही.

> थांबा आणि तपासा: तुकडा सपाट काचेवर उभा करा. डुगडुगला तर तोंड तिरकं आहे. नळीतून उजेडाकडे बघा. आत गोंदाचा एकही ठिपका राहता कामा नये. आता दिसणारा ठिपका म्हणजे जोडणीच्या वेळचा ‘टिक्’.

## ५. मँड्रेलवर बसवणे

हा टप्पा छोटा आहे, पण पेन गोल न निघण्याचं कारण बहुधा इथेच असतं. मँड्रेल म्हणजे चिकटवलेले तुकडे ओवून लेथवर फिरवायची बारीक सळई. टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार, जोरात आवळला किंवा टोकाचा नट कसून पिळला की ती धनुष्यासारखी वाकते. फिरताना डोळ्यांना कळत नाही. तयार पेनात एका बाजूला लाकूड धातूपेक्षा वर येतं आणि समोरच्या बाजूला खाली जातं.

नट बोटानेच आवळा. लाकूड बुशांच्या, म्हणजे टोकांना मापासाठी ओवलेल्या धातूच्या कड्यांच्या, मधे घसरणार नाही इतपतच. टेलस्टॉकचा ६० अंशांचा फिरता सेंटर सळईला टेकवा आणि तिथेच लॉक करा. लेथ सुरू करण्याआधी हाताने एक पूर्ण फेरी मारून बघा, कुठेही टूल रेस्टला, म्हणजे पटाशी टेकवायच्या आडव्या आधाराला, लागता कामा नये.

तरीही पेन वाकडं निघत असेल तर मँड्रेल सपाट काचेवर लोटून बघा. वाकलेली असेल तर काचेवरून उड्या मारत जाते. ती सरळ करायच्या नादाला लागू नका, बदला. पुढे हात बसल्यावर मँड्रेल सोडून थेट दोन सेंटरांमधे कातायला शिका, वाकायचा प्रश्नच मिटतो.

बुशांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. दर वेळी पेपरने थोड्या घासल्या जाऊन दहा-बारा पेनांनंतर त्या लहान होतात. अंतिम माप किटच्या भागावर कॅलिपर लावून घ्या, बुश फक्त अंदाजाला.

## ६. कातणे

ठोकळ्याचे चार कोपरे आधी रंध्याने किंवा सँडरवर घासून बोथट करा. चौकोनी ठोकळा गोल होईपर्यंत प्रत्येक फेरीत पटाशीला चार धक्के बसतात, आणि ढलप्या उडतात त्या याच काळात.

टूल रेस्ट लाकडापासून ३ मिमीवर ठेवा. वेग सुरुवातीला १५०० च्या आसपास, लाकूड गोल झाल्यावर २५०० पर्यंत. हत्यार गोल पटाशी असो, स्क्यू (तिरक्या धारेची पटाशी) असो की कार्बाइड पातं, मुद्दा धारेचा आहे. सागात सिलिका असते आणि ती धार भराभर खाते, म्हणून सागाचं पेन करताना मधे एकदा धार लावायचीच. कात वळणदार, लांब निघते आहे तोवर चालू द्या. धूळ पडायला लागली की थांबून धार लावा. तसंच दामटत राहिलं तर पातळ झालेल्या लाकडावर दाब वाढतो आणि ते नळीवरून सुटतं.

कातायचं नेहमी मधून टोकाकडे. टोकाकडून आत गेलात तर पटाशी उघड्या कडेत घुसते आणि कड उचलते.

ढलपी उडाली तर लेथ लगेच बंद करा आणि कशालाही हात लावण्याआधी जमिनीवर बघा. भुसा झाडून टाकल्यावर ढलपी सापडत नाही. सापडली तर तिच्या जागी कोरडीच बसवून बघा, रेषा जुळल्या की पातळ सीएने चिकटवा, टेपने बांधा आणि तासभर सोडा. नीट बसलेली ढलपी पुढे शोधूनही दिसत नाही. सापडली नाही तर त्याच लाकडाचा बारीक भुसा खड्ड्यात भरून वर पातळ सीए सोडा. गडद लाकडात हे बेमालूम मिसळतं. फिकट लाकडात मात्र सीएने भिजलेला भुसा गडद होतो आणि डाग दिसतो. तिथे खड्डा कडेपाशी असेल तर तेवढा पट्टा उभा कापून दुसऱ्या रंगाच्या लाकडाची कडी बसवावी. आधीपासून तसंच ठरवलं होतं असं वाटतं.

लाकूड जिथे स्पंजासारखं मऊ आहे किंवा रेषा गाठीभोवती फिरल्या आहेत, तिथे ढलपी उडायची वाटच बघू नका. अंतिम मापाच्या २ मिमी अलीकडे थांबून पातळ सीए पाजा, वाळू द्या, मग पुढे काता.

## ७. पेपर मारणे

१५०, २२०, ३२०, ४००, ६००. कातकाम स्वच्छ असेल तर २२० पासून सुरू करा. वेग १००० च्या खाली. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून त्याच पेपरने लाकडाच्या लांबीच्या दिशेने दहा-बारा हात मारा आणि मगच पुढचा नंबर घ्या. आडव्या गोल रेघा जातात त्या या उभ्या हातांनी. हे सोडलंत तर १२००० नंबरपर्यंत गेलात तरी उन्हात पेन फिरवल्यावर कड्यांसारख्या रेघा दिसतील.

मेपलसारख्या फिकट लाकडात टोकांना राखाडी छटा आली तर ती बुशांच्या लोखंडाची पूड आहे. पेपर लागला की बुश झिजते आणि ती पूड लाकडाच्या छिद्रांत शिरते. फिकट लाकडाला पेपर मारताना लोखंडी बुश काढून प्लॅस्टिकच्या लावा. धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, पूड आणखी आत जाते. कोरड्या ब्रशने झटका. आबनूस आणि शिसव इथेही तापून तडकतात. पेपरमागचं बोट भाजायला लागलं तर लाकूड त्याहून जास्त तापलेलं आहे.

## ८. फिनिश

मेण-लाखेचं घर्षण पॉलिश लावायला सोपं असतं, पण रोजच्या घामाने काही महिन्यांतच मंद पडतं. सीएचा थर काचेसारखा आणि टिकाऊ होतो, पण चुकांना भरपूर जागा देतो. त्याबद्दल जरा सविस्तर.

तेलकट लाकूड अ‍ॅसिटोनने पुसा, आणि पुसल्यावर लगेच, तेल पुन्हा वर यायच्या आत, पहिला थर द्या. शिसव-कोकोबोलोचा रंग पुसताना सुटतो. शेजारी फिकट लाकडाची कडी असेल तर कडीकडून गडद लाकडाकडे पुसा, उलट नाही.

लेथ ५०० फेऱ्यांवर ठेवा. कागदी टिश्यूची घडी करून त्यावर सीएचे दोन-तीन थेंब घ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच जा आणि उचला. परत मागे फिरलात की कागद चिकटतो आणि तंतू अडकतात. असे आठ-दहा पातळ थर द्या. दोन थरांमधे आपोआप वाळायला वेळ द्या.

> इशारा: सीएसाठी सुती कापड कधीही वापरू नका. कापसावर सीए झपाट्याने धरतो आणि इतका तापतो की धूर निघतो, बोट भाजतं. सुती बाहीवर सांडला तरी हेच होतं.

पांढुरकं धुकं आलं: थर जाड होता, खालचा थर ओला होता किंवा हवेत दमटपणा फार होता. झटपट वाळवणारा स्प्रे जवळून मारला तरी थर पांढरा पडतो आणि त्यात बुडबुडे उठतात. वरून आणखी थर दिल्याने हे झाकलं जात नाही, उलट काचेखाली कैद होतं. धुकं संपेपर्यंत पेपरने खाली उतरा, मग पुन्हा चढवा.

कागद चिकटला: ओढू नका. वाळू द्या, ३२० ने घासून काढा.

टोकं बुशला चिकटली: लावण्याआधी बुशला मेण लावायचं राहिलं. हाताने पिळून सोडवायला गेलात तर फिनिशचा पापुद्रा निघतो. जोडावर धारदार चाकू टेकवून हाताने मँड्रेल गोल फिरवा, थर कापला गेला की बुश आपोआप सुटते.

घासताना मधेच मंद, मातकट पट्टा दिसला: तिथे थर संपून लाकूड उघडं पडलं आहे. तेवढ्याच जागी सीए लावला तर कडा दिसत राहते. त्या पूर्ण भागाला ४०० मारून सगळे थर पुन्हा द्या.

टोकांना पांढरी किनार आली: ओल्या पेपरने घासताना पाणी लाकडाच्या कापलेल्या तोंडातून शिरलं आणि फिनिश उचललं गेलं. ओल्या कामाआधी दोन्ही तोंडांना पातळ सीएचा एक हात द्या.

## ९. जोडणी

घाईत चुकीचं टोक चुकीच्या ठिकाणी दाबलं जातं, आणि दाबलेला भाग परत काढताना लाकूड जातं. म्हणून दाबण्याआधी सगळे भाग टेबलावर पेनाच्या क्रमाने मांडा: निब, खालचा भाग, फिरवायची यंत्रणा, मधलं कडं, वरचा भाग, क्लिप आणि टोपी. लाकडाची नक्षी जुळते आहे ना ते बघा आणि मग एकेक उचला.

नळीच्या तोंडाची आतली धार काउंटरसिंकने किंवा चाकूच्या टोकाने जराशी मोडा. भाग तिरका शिरू नये म्हणून पहिले दोन मिलिमीटर फक्त हाताच्या जोराने बसवा. मग लाकडी पट्ट्या लावलेल्या शिकंज्यात किंवा लेथच्या दोन टोकांमधे हळूहळू दाबा. अडखळल्यासारखं वाटलं तर जोर वाढवू नका, काढून नळीत बघा.

फिरवायची यंत्रणा एका दमात खुणेपर्यंत दाबू नका. ५ मिमी अलीकडे थांबा, रिफिल लावा, फिरवून बघा. टोक पुरेसं बाहेर येत नसेल तर रिफिल काढून आणखी १ मिमी दाबा आणि पुन्हा बघा. ती जास्त आत गेली तर रिफिल बंद स्थितीतही बाहेर डोकावतं आणि खिशाला शाई लागते. तसं झालंच आणि निब फिरवून निघत असेल, तर पुढून बारीक गज घालून यंत्रणेला हलक्या टिचक्या देत मागे सरकवता येतं. नसेल निघत तर यंत्रणेचा बाहेर राहिलेला भाग चामड्यात धरून पेनाची नळी फिरवत ओढा. यात यंत्रणा खराब होऊ शकते, म्हणून एक जादा ठेवलेली बरी.

एखादा भाग ढिला बसत असेल तर थ्रेड लॉकचा (आटे पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) किंवा सीएचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरतो. तो नळीत लावा, भागावर नको, म्हणजे बाहेर ओघळत नाही. यंत्रणेच्या जवळपास मात्र सीए आणूच नका. आत शिरला तर ती कायमची जाम होते.

## १०. काही आठवड्यांनी आलेली चीर

पेन दिलेलं असतं आणि महिन्याभराने कोरड्या दिवसांत उभी बारीक चीर येते. नखाला लागत नसेल इतकी बारीक असेल तर तिच्यावर पातळ सीएचा एकच थेंब टेकवा. तो आपोआप आत ओढला जातो. वाळल्यावर ब्लेड आडवं धरून वरचा उंचवटा खरवडा, बारीक पेपर मारा आणि चकाकी आणा.

नख अडकत असेल तर लाकूड अजून हलतं आहे. लगेच भरलेली चीर शेजारीच दुसरी चीर काढते. अशा वेळी पेन महिनाभर तसंच कोरड्या जागी ठेवा, चीर वाढायची थांबली की त्याच लाकडाचा भुसा आणि सीए भरा. भरण्याआधी त्या लाकडाचे उरलेले ठोकळे काढून वजन करा. आकडा आधी लिहिलेल्यापेक्षा खाली गेला असेल, तर त्यातून केलेली बाकीची पेनंही तपासायला मागवून घ्या.